पाचशे डॉलरचे नाव

दुकान बुडाले की त्याची पाटी किती दिवस टिकते? फार तर पुढचा भाडेकरू येईपर्यंत. तो आला की पहिल्याच दिवशी शिडी लावून जुनी अक्षरे खरवडून काढतो. अमेरिकेत मात्र एक पाटी अशी आहे की, तिचे मूळ दुकान उठून शंभर वर्षे झाली तरी ती अजून झळकते आहे. एवढेच नव्हे, तर तिच्यासाठी ऐन डिसेंबरात ऐंशी हजार माणसे उघड्यावर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, आरडाओरडा करीत बसतात.

ही पाटी म्हणजे ग्रीन बे या गावच्या फुटबॉल संघाचे नाव. पॅकर्स. शब्दाचा अर्थ विचाराल तर अगदीच रुक्ष : डबे भरणारे. मांस शिजवून ते डब्यांत बंद करणाऱ्या कारखान्यातले कामगार. इतर गावांच्या संघांची नावे पाहा : कोणी अस्वले, कोणी सिंह, कोणी गरुड, कोणी चाचे. त्या सगळ्या हिंस्र मंडळीत हे आमचे डबे भरणारे उभे! आणि मौज ही की, २०२५ पर्यंतचा हिशेब धरला तर सर्वांत जास्त अजिंक्यपदे, एकूण तेरा, याच डबेवाल्यांच्या नावावर जमा आहेत.

मी मराठी शिकवणारा माणूस. एखादा शब्द कोठून आला, कोणाच्या घरी राहिला आणि कोणाच्या घरी मोठा झाला, हे पाहण्याची मला खोड आहे. या खेळात मी शिरलो तो त्याच दाराने. तेव्हा ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द आधी सांगतो. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचा संबंध फार थोडा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो बगलेत धरून पळायचे किंवा हाताने फेकायचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहणार, नाहीतर तो दुसऱ्या पक्षाला द्यावा लागणार. असे इंच इंच लढत पलीकडची रेघ ओलांडायची. बाकीचे नियम इतके आहेत की ते सांगण्यात दिवाळी संपून तुळशीचे लग्न येईल.

तर १९१९ सालची गोष्ट. विस्कॉन्सिन राज्यातले, मिशिगन सरोवराच्या एका फाट्यावर वसलेले ग्रीन बे हे तीसएक हजार वस्तीचे गाव. तेथे कर्ली लॅम्बो नावाचा एकवीस वर्षांचा तरुण इंडियन पॅकिंग कंपनीत कारकुनी करीत होता. (या कंपनीच्या नावातले 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी. कोलंबसाने केलेला घोटाळा डब्यांच्या लेबलापर्यंत पोचला होता!) लॅम्बो आदल्या वर्षी नोत्र दाम विद्यापीठात फुटबॉल खेळून आला होता, घशाच्या गाठी सुजल्या म्हणून शिक्षण सोडून घरी परतला, पण खेळाचा नाद काही सुटला नाही. गावातल्या वृत्तपत्रात काम करणारा जॉर्ज कॅल्हून हा त्याचा मित्र. ११ ऑगस्टच्या संध्याकाळी त्या वृत्तपत्राच्या कचेरीत चार जवान पोरे जमली आणि संघ स्थापन झाला. कपडे आणि सामान घ्यायला पैसे कोण देणार? लॅम्बोने आपल्या मालकाला गळ घातली. मालकाने पाचशे डॉलर दिले. बदल्यात संघाला कंपनीचे नाव.

दोन वर्षांच्या आत ती कंपनी ॲकमी पॅकिंग या दुसऱ्या कंपनीने गिळली. तिने १९२१ मध्ये गड्यांच्या छातीवर आपले नाव छापून घेतले. पुढे ॲकमीही गेली. आज त्या दोघींचे नाव कोणी काढते ते केवळ या संघामुळे. पाचशे डॉलरांत इतकी दीर्घ जाहिरात दुसऱ्या कोणाला मिळाली असेल असे वाटत नाही; फक्त ती वाचून डबे घ्यायला यावे, तर दुकान जागेवर नाही.

पहिल्या वर्षी या पोरांनी आसपासच्या गावांना धू धू धुतले. अकरा सामन्यांत दहा जिंकले. एकूण ५६५ गुण केले आणि प्रतिपक्षांना मिळून दिले बारा. मैदान उघडे. तिकीट नाही, कुंपण नाही. मध्यंतरात कॅल्हूनमहाशय टोपी फिरवीत, तीत जे पडेल ते उत्पन्न. हंगाम संपल्यावर हिशेब झाला तेव्हा प्रत्येक गड्याच्या वाट्याला १६ डॉलर ७५ सेंट आले.

१९२१ मध्ये संघ व्यावसायिक लीगमध्ये शिरला आणि त्याच वर्षाअखेर बाहेरही पडला. कारण असे की, विद्यापीठाच्या संघातली पोरे खोटी नावे देऊन खेळवल्याचे उघडकीस आले. लॅम्बोने पुढच्या वर्षी खटपट करून जागा परत मिळवली. खोट्या नावांचा हा उद्योग त्या काळी सर्रास चाले. कारण पैसे घेऊन खेळलात हे कळले की विद्यापीठाच्या संघातून नाव कटलेच. जॉन मॅक्नॅली नावाच्या एका पोराने तर कमाल केली. एका मित्राबरोबर तो असाच चोरून खेळायला निघाला असताना वाटेत चित्रपटगृहावर 'ब्लड अँड सँड' या चित्रपटाची पाटी दिसली. मॅक्नॅली मित्राला म्हणाला, मी ब्लड, तू सँड! सँड पुढे वाळूतच विरला, पण जॉनी ब्लड मात्र पॅकर्समध्ये येऊन असा गाजला की, १९६३ साली मानकऱ्यांचे दालन उघडले तेव्हा पहिल्या तुकडीतच त्याला जागा मिळाली. नाव पुन्हा पाटीवरूनच उचललेले, हे ध्यानात घ्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९२२ चा हंगाम पावसाने खाल्ला. लॅम्बोने पावसाचा विमा उतरवला होता. सामन्याच्या दिवशी पाऊस पडला, प्रेक्षक आले नाहीत, आणि विमा कंपनीने मोजणी केली तो काय, करारात लिहिलेल्यापेक्षा पाऊस केसभर कमी! पैसे मिळाले नाहीत. संघ बुडायच्या बेतात आला. तेव्हा वृत्तपत्राचे चालक अँड्र्यू टर्नबुल यांनी गावातल्या व्यापाऱ्यांना हाताशी धरले, आणि १९२३ च्या ऑगस्टमध्ये संघाची एक संस्था करून पाच-पाच डॉलरांचे एक हजार भाग विक्रीला काढले.

हे भाग मोठे विलक्षण. लाभांश नाही. भाव वाढणार नाही. बाजारात विकता येणार नाहीत. घरच्या माणसांना देता येतील, नाहीतर संस्थेलाच किरकोळ किमतीत परत. नफा कोणी वाटून घ्यायचा नाही. आणि उद्या संघ मोडला किंवा विकला तर देणी भागवून उरलेला पैसा जाणार कोणाकडे? तर गावच्या माजी सैनिकांच्या संघटनेकडे, सैनिकांचे स्मारक बांधायला. १९९७ पर्यंत घटनेत हे कलम तसेच होते. मग स्मारकाऐवजी संघाच्याच धर्मादाय निधीचे नाव घातले गेले. म्हणजे संघ विकून कोणाच्याही खिशात एक पै पडायची नाही, अशी व्यवस्था त्या पाच-पंचवीस दुकानदारांनी करून ठेवली. हे त्यांना सुचले कसे याचे मला अजून नवल वाटते.

पुढे वेळोवेळी असेच झाले. १९३१ मध्ये एक प्रेक्षक बैठकीवरून खाली पडला. त्याने दावा लावला, तो जिंकला. भरपाई द्यायची ती विमा कंपनीच नेमकी बुडाली, आणि संघ न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेला. (विमा आणि पॅकर्स यांची पत्रिका कधी जुळली नाही. अपवाद एकच : १९५० च्या जानेवारीत संघाचा निवासी वाडा आगीत जळाला, तेव्हाचे विम्याचे पैसे मात्र वेळेवर कामी आले.) १९३५ मध्ये गावाने १५ हजार डॉलर जमवून संघ सोडवला. १९५० मध्ये पुन्हा खडखडाट. लॅम्बोही नोकरी सोडून शिकागोला गेला. या वेळी २५ डॉलरला एक भाग. त्या विक्रीत जवळच्या खेड्यातली एक बाई काड्यापेटीच्या खोक्यात पाव-पाव डॉलरची नाणी घालून आली आणि तेवढ्या चिल्लरीवर तिने आपला भाग घेतला. जमले १ लाख १८ हजार.

त्यानंतर १९९७, २०११ आणि २०२१ या साली विक्री झाली. भागाची किंमत अनुक्रमे २००, २५० आणि ३०० डॉलर. आज भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत, आणि वार्षिक सभा भरते ती मैदानावरच, कारण दुसरीकडे मावणार कोठे? पुष्कळ लोक या भागाचा कागद चौकटीत घालून भिंतीला लावतात. यावर शहाणे लोक हसतात. म्हणतात, ही मालकी कसली, ही तर महागडी पावती! न विकता येणारी, न पिकणारी वस्तू घेणारा तो गिऱ्हाईक कसला, भाबडाच की!

मला हे हसणे उथळ वाटते. या कागदाने काय मिळते हे पाहू नये. काय टळते ते पाहावे. बाल्टिमोर हे केवढे मोठे शहर. तेथला कोल्ट्स हा संघ लोकांच्या गळ्यातला ताईत होता. पण मालक एकटा. मैदानावरून त्याचे आणि सरकारचे फाटले. राज्याने संघच ताब्यात घेण्याचा कायदा करायला घेतला, तशी २८ मार्च १९८४ च्या रात्री, हिमवर्षाव चालू असताना, मालकाने सामानाच्या मोटारी बोलावल्या आणि सगळे बाडबिस्तार भरून पहाटेपर्यंत इंडियानापोलिसचा रस्ता धरला. गाव सकाळी जागे झाले तो संघ नाही. संघाचे वाद्यवृंदवाले तेवढे मागे राहिले, आणि हे लोक पुढे बारा वर्षे, १९९६ मध्ये दुसरा संघ येईपर्यंत, संघाशिवाय वाजवीत राहिले! तो दुसरा संघही क्लीव्हलंडहून उचलून आणलेला. म्हणजे एकाचे अश्रू पुसले ते दुसऱ्याला रडवून. आता सांगा, ग्रीन बेमध्ये अशी रात्र उजाडेल काय? मोटारी बोलावणार कोण? एका माणसाने दोन लाखांहून जास्त भाग घ्यायचे नाहीत असा नियम आहे. तीनशे डॉलरच्या कागदाने मिळते ते एवढेच. मला ते पुरेसे वाटते.

लीगने मात्र पुढे नियम करून असल्या सार्वजनिक मालकीचे दार बंद केले. पॅकर्स आधीपासूनचे म्हणून त्यांना सूट. दुसऱ्या कोण्या गावाला आता हे करता येणार नाही. श्रीमंत मालकांना ही साथ पसरायला नको असेल, त्यात त्यांचा काय दोष!

कागदाने संघ जागेवर राहिला खरा, पण कागदाने सामने जिंकता येत नाहीत. १९५६ मध्ये नव्या मैदानाचा प्रश्न आला. जुने मैदान अपुरे. बाहेरचे संघ येथे यायला कुरकुरू लागलेले. कर्ज काढावे की नाही यावर गावात मतदान ठरले. तेव्हा प्रचाराला कोण आले? जॉर्ज हॅलस, शिकागो बेअर्सचे मालक, म्हणजे पॅकर्सचे १९२१ पासूनचे कट्टर वैरी. त्यांनी ग्रीन बेच्या लोकांना सांगितले की मैदान बांधा. वैऱ्यावाचून वैर तरी कोणाशी करायचे, हे त्या जुन्या खोडाला कळत होते. दोनास एकाहून अधिक मतांनी ठराव मंजूर झाला, १९५७ मध्ये मैदान उघडले, आणि पहिल्याच सामन्यात पॅकर्सनी बेअर्सना हरवून हॅलसांच्या उपकाराची फेड केली. १९६५ मध्ये लॅम्बो वारला. तेव्हापासून मैदानाला त्याचे नाव आहे.

मैदान नवे, पण संघ गाळात. १९५८ मध्ये बारांपैकी एकच सामना जिंकला. तेव्हा न्यूयॉर्कहून विन्स लोम्बार्डी आले. या गृहस्थांविषयी मला विशेष आपुलकी आहे, कारण ते मूळचे मास्तर. न्यू जर्सीतल्या एका लहानशा शाळेत आठ वर्षे लॅटिन, बीजगणित, पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवीत, आणि उरल्या वेळात पोरांचा संघ घडवीत. तो मास्तर त्यांच्यातून कधी गेला नाही. १९६० साली अंतिम सामन्यात हार झाली. पुढच्या उन्हाळ्यात सराव सुरू झाला तेव्हा समोर बसलेले गडी देशातले नाणावलेले. लोम्बार्डींनी चेंडू हातात घेतला आणि याला फुटबॉल म्हणतात इथपासून धडा सुरू केला. मॅक्स मॅगी नावाचा एक वात्रट गडी म्हणे मागून म्हणाला, की गुरुजी, जरा सावकाश. त्या वर्षी अंतिम सामन्यात त्यांनी न्यूयॉर्कला ३७–० असे हरवले. जॉन मॅडन हे पुढे स्वतः मोठे प्रशिक्षक झाले. तरुणपणी ते लोम्बार्डींच्या व्याख्यानाला गेले असता, सकाळी चार तास आणि दुपारी चार तास हा माणूस एकाच चालीवर बोलला, असे ते सांगत. ज्याने एका ओवीवर तीन तास घेतले आहेत त्यालाच याचे मर्म कळेल. विद्यार्थ्यांचे मत वेगळे असू शकते.

जिंकणे हेच सर्वस्व, अशा अर्थाचे एक वचन लोम्बार्डींच्या नावावर जगभर खपते. ते मुळात त्यांचे नव्हे; कॅलिफोर्नियातल्या रेड सँडर्स या प्रशिक्षकाचे. त्यांची खरी थोरवी मला दुसरीकडे दिसते. त्या काळी दक्षिणेतली हॉटेले काळ्या खेळाडूंना घेत नसत. जेथे सगळा संघ उतरू शकत नाही तेथे कोणीच उतरायचे नाही, असा लोम्बार्डींनी दंडक घातला. आणि गावातल्या गुत्तेवाल्यांनाही बजावले की, माझ्या एका गड्याला नाही म्हणालात तर बाकीचेही तुमची पायरी चढणार नाहीत. चारदोन शब्दांत काम झाले.

३१ डिसेंबर १९६७. डॅलसच्या संघाशी अंतिम झुंज. त्या दिवशी पारा शून्याखाली २५ अंश सेल्सियसवर उतरला होता. मैदान गोठू नये म्हणून लोम्बार्डींनी ८० हजार डॉलर खर्चून जमिनीखाली विजेच्या तारा पुरल्या होत्या. नेमकी त्याच दिवशी ती यंत्रणा बंद पडली आणि मैदान काचेसारखे झाले. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या. एकाच्या ओठाला धातूची शिट्टी चिकटली ती कातडी घेऊनच निघाली. मग पंचांनी ओरडून सामना चालवला. वाद्यवृंदाची वाद्ये वाजेनात. त्यातल्या काही पोरांना रुग्णालयात न्यावे लागले. आणि पन्नास हजार माणसे जागची हलली नाहीत. शेवटची सोळा सेकंदे उरली तेव्हा पॅकर्स तीन गुणांनी मागे, रेघ दोन हातांवर. बार्ट स्टार या नायकाने (याला १९५६ च्या निवडीत १९९ जणांनंतर घेतले होते!) लोम्बार्डींना सांगितले की, पाय घसरताहेत, चेंडू दुसऱ्याला देत नाही, मीच घुसतो. गुरुजी म्हणाले, घूस आणि चल घरी. ठरलेली चाल चेंडू चक मर्सीनला देण्याची होती. स्टारने तो दिलाच नाही, स्वतःच पुढच्या दोघांच्या पाठीशी सूर मारला. छायाचित्रात मर्सीन हात वर करून उडालेला दिसतो. लोक समजतात आनंदाने. खरे म्हणजे तो पंचांना दाखवीत होता की, मी स्टारला मागून ढकलले नाही बरे!

दोन आठवड्यांनी पॅकर्सनी दुसरा सुपर बोल जिंकला. पहिला त्यांनी आदल्या वर्षी, १५ जानेवारी १९६७ ला लॉस एंजलिसमध्ये जिंकला होता. तेव्हा या सामन्याचे अप्रूप इतके कमी की तीस हजारांवर जागा रिकाम्या. आदली सबंध रात्र तो वात्रट मॅगी बाहेर उंडारत होता. आपल्याला कोण खेळवतो आहे, या भरवशावर. सुरुवातीलाच दुसरा गडी जायबंदी झाला, मॅगीला उसने शिरस्त्राण घालून धावावे लागले, आणि सुपर बोलमधला पहिलावहिला गोल त्याने एका हाताने झेल घेऊन केला. सरळमार्गी विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगू नये. लोम्बार्डी १९७० मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेले. सुपर बोलच्या करंडकाला त्यांचे नाव आहे.

मग जवळजवळ तीस वर्षे दुष्काळ. १९९६ आणि २०१० च्या हंगामांत पुन्हा अजिंक्यपद. त्या सगळ्या कोरड्या वर्षांत संघ तगला कसा, याचे एक व्यावहारिक कारण सांगितलेच पाहिजे, नाहीतर सगळे श्रेय भावनेला जाईल. १९६१ पर्यंत दूरचित्रवाणीचे करार ज्याचे त्याने करायचे. न्यूयॉर्कचा भाव मोठा, ग्रीन बेला कोण विचारतो! लीगचे प्रमुख पीट रोझेल यांनी मालकांना पटवले की सर्वांचा मिळून एक करार करू आणि पैसे समान वाटू. न्यूयॉर्कच्या मालकांनी आपल्या मोठ्या वाट्यावर पाणी सोडले, संसदेने त्यासाठी कायदा केला, आणि १९६२ पासून वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर चौदा संघांत सारखे वाटले जाऊ लागले. लाखभर वस्तीच्या गावाला जो हिस्सा, तोच न्यूयॉर्कला. काड्यापेटीतली चिल्लर आणि हा करार, दोन्हीपैकी एक नसते तर ग्रीन बेची पाटी केव्हाच उतरली असती.

आज मैदानात ऐंशी हजारांवर जागा आहेत. हंगामाची तिकिटे १९६० पासून सतत संपलेली. प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावे. मूल जन्मले की त्याचे नाव यादीत घालतात; नंबर लागेपर्यंत त्याचे केस पिकतात. विस्कॉन्सिन हा दुधातुपाचा मुलूख, म्हणून शेजारचे शिकागोवाले तेथल्यांना 'चीजडोकी' म्हणून हिणवीत. १९८७ मध्ये एकाने कोचाच्या गादीतला स्पंज कापून चीजच्या तुकड्यासारखी पिवळी टोपी केली आणि डोक्यावर घातली. तेव्हापासून ती शिवी हजारो लोक पैसे देऊन विकत घेतात.

आणि उन्हाळी सराव सुरू झाला की, मैदानाबाहेर गावातली लहान पोरे आपापल्या सायकली घेऊन उभी राहतात. एकेक आडदांड खेळाडू एकेका पोराची सायकल मागून घेतो आणि गुडघे हनुवटीला लावीत सरावाच्या जागेकडे निघतो. पोरगे त्याचे शिरस्त्राण छातीशी धरून बाजूने पळत असते.